मिठाच्या वाटेवरची फिरती घरे

मोटारीतच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून उन्हाळाभर भटकणे ही युरोप-अमेरिकेतली रुळलेली रीत आहे. तिचा आरंभ शोधताना हमखास नाव येते ते डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे. हे आरमारातले निवृत्त डॉक्टर आणि लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात एक घोडागाडी बांधून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’ ठेवले आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत सुमारे १३०० मैलांचा प्रवास केला. बरोबर गाडीवान होता, नोकर होता. हौसेने फिरते घर बांधणारा हा पहिला माणूस, असे म्हणतात.

‘हौसेने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कारण पोटासाठी घर सोबत घेऊन फिरणारी माणसे आपल्या देशात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांची गोष्ट समजून घ्यायची तर मिठापासून सुरुवात करावी लागेल.

मीठ उन्हाळ्यातच का पिकते?

वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा दोन कारणांनी आपल्याला ठाऊक असते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथे शिक्षक होते आणि १२ मे १९३० रोजी इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या सत्याग्रहाची तारीख नीट पाहा. मे महिना म्हणजे मिठागरांत मिठाचे ढीग उभे असण्याचा काळ.

समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात आणि त्यांत खाण्याचे मीठ सुमारे २७ किलो. पाणी आटून मूळच्या जवळजवळ एक दशांश झाले की मिठाचे खडे धरू लागतात. त्याआधी कॅल्शिअमचे क्षार तळाशी बसतात आणि मॅग्नेशिअमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. म्हणून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत नेतात आणि अखेरचे कडू पाणी सोडून देतात. हे सारे काम ऊन आणि वारा करतात. जून उजाडला की पाऊस सगळे विरघळवून टाकतो. शिवाय हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतले पाणी ओढून घेते. मॅग्नेशिअम क्लोराइड मिसळलेले कच्चे मीठ तर त्याआधीच पाझरू लागते.

म्हणजे मीठ पिकवायचे कोरड्या दिवसांत आणि हलवायचेही कोरड्या दिवसांतच. पण त्याची गरज असते बाराही महिने आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या घराघरांत.

तांडा : चालते गाव

किनारा आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. जुन्या घाटवाटांवर गाडी चढत नसे. ओझे चढे ते बैलाच्या पाठीवरून. देशावरचे धान्य कोकणच्या बंदरांकडे उतरवायचे आणि परत जाताना मीठ न्यायचे, हा व्यापार वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला असे मानणारे अभ्यासक आहेत.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्य नेणारा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते. एका बैलावर सव्वाशे किलो ओझे धरले, तर हे सतराशे पन्नास टन होतात; दहा टनी मालमोटारी लावल्या तर पावणेदोनशे लागतील! हा तांडा दिवसाला सहा-सात मैलच चाले आणि तोही सकाळच्या गारव्यात. मग ओझी उतरवून बैल चरायला सोडत. बायकामुले आणि संसार बरोबरच असे. रात्री गोण्या रचून मुक्कामाभोवती भिंत करत.

इतका सावकाश प्रवास परवडे कसा? याचे उत्तर त्या सावकाशीतच आहे. बैल वाटेवरच्या मोकळ्या कुरणांत चरत, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ शून्य. घरही बरोबरच असल्याने परतण्याची घाई नाही. घर फिरते होते म्हणूनच मीठ स्वस्तात पोचत होते. पावसाळा लागला की तांडा थांबे आणि बैल हिरव्या चाऱ्यावर पुन्हा धष्टपुष्ट होत. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात वेलस्लीच्या फौजेलाही धान्य पुरवले ते अशाच तांड्यांनी.

चाकाने घर मोडले

एकोणिसाव्या शतकात घाटांतून गाडीरस्ते झाले. दोन बैलांच्या पाठीवर अडीचशे किलो ओझे जाते. तेच दोन बैल चांगल्या रस्त्यावर गाडीतून त्याच्या दुपटीहून जास्त ओढतात, कारण वजन चाके पेलतात आणि बैलांना फक्त ओढ द्यावी लागते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि तांड्यांचा धंदा बसत गेला. मोकळी कुरणेही जंगलखात्याच्या ताब्यात जाऊ लागली.

धंदा गेला, तरी फिरणे एकदम सुटणार कसे? पण आता त्या फिरण्याचा अर्थ बदलला. सरकारच्या लेखी पक्का पत्ता नसलेला माणूस संशयित ठरू लागला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. लमाणांच्या काही गटांवरही तो शिक्का बसला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना आजही ‘विमुक्त जातीं’त होते, ती या इतिहासामुळेच.

वर्गातला प्रश्न

हा इतिहास संपलेला नाही. मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दर हिवाळ्यात संसार बांधून ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोप्यांत राहतात. त्यांत बंजारा कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांची शाळा ऐन वर्षात सुटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा मुलाला मध्येच दुसऱ्या शाळेत दाखल होण्याचा हक्क दिला आहे. तो प्रत्यक्षात येणे मुख्यतः शिक्षकाच्या हाती असते.

पाचवी-सहावीच्या वर्गात एक हिशेब घालून पाहा. एका बैलाच्या सव्वाशे किलो मिठासाठी समुद्राचे किती पाणी आटवावे लागेल? उत्तर साडेचार हजार लिटरहून जास्त येते. मग पुढचा प्रश्न विचारा : ते मीठ आपल्या गावापर्यंत कोणी आणले असेल आणि आणणाऱ्यांची मुले तेव्हा कुठे शिकत असतील? एखाद्या बाकावर या प्रश्नाचे उत्तर घरच्या अनुभवातून देणारे मूल बसलेले असेल. त्याला आधी बोलू द्यावे.