तळटीप १७ : दारावरचा खराटा
१७. दारावर खराटा : हा प्रसंग नेकार नदीच्या खोऱ्यातला. उगमाजवळच्या फिलिंगेन-श्वेनिंगेनपासून मानहाइम येथील ऱ्हाइनच्या संगमापर्यंत नदीकाठाने सुमारे ३७० किमीचा सायकलमार्ग जातो. हाइलब्रोन परिसरात तो द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांखालून वळतो. तिथल्या गावांत दारावर टांगलेला खराटा अशुभ वा निष्काळजीपणाची खूण नव्हे. बागायतदाराने घरीच थाटलेली हंगामी वाइनशाळा उघडी आहे, अशी ती वर्दी असते. खराट्याला जर्मनमध्ये ‘बेझन’ म्हणतात, म्हणून या जागेचे नाव ‘बेझनविर्टशाफ्ट’. मोझेल व ऱ्हाइनकाठी तिलाच ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ म्हणतात. ‘श्ट्राउस’चा दुसरा अर्थ शहामृग असला, तरी येथे तो पानाफुलांचा गुच्छ असा घ्यावा. दीर्घकाळ चालत आलेल्या नियमानुसार अशी जागा वर्षातून एकूण चार महिने, फार तर दोन टप्प्यांत उघडता येते. आसने ४० पर्यंत, वाइन स्वतःच्या मळ्यातली आणि जेवण साधे. पुढच्या परिच्छेदातले ‘फिर्टेले’ म्हणजे पाव लिटर वाइन. ती येथे कान असलेल्या पेल्यात देतात. — संपा.