शिरपूर परिसरातील घरांतील न्हाणी व शौचकूप : संख्येच्या प्रश्नाचा इतिहास

गृहरचनेचा इतिहास लिहिताना ओसरी, माजघर, देवघर यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. न्हाणी आणि शौचकूप यांची मात्र फारशी झालेली नाही. विषय अप्रशस्त वाटतो, हे त्याचे एक कारण होय. तथापि शिरपूरसारख्या गावी आज नवे घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबापुढे जे प्रश्न आरंभीच उभे राहतात, त्यांत हा एक असतोच : शौचकूप किती ठेवावेत आणि न्हाण्या किती? वडील मंडळींना एक पुरेसा वाटतो, सुना-मुली दुसऱ्याची मागणी करतात, आणि नकाशा काढणारा प्रत्येक निजण्याच्या खोलीस एक जोडून मोकळा होतो. हा वाद नव्या राहणीतून निघाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वाद जुनाच आहे, आणि ही संख्या घरातील माणसे मोजून क्वचितच ठरलेली आहे. पाणी कोणी वाहायचे, मैला कोणी उचलायचा आणि कोणी किती वेळ थांबायचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरत आली आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. शब्द हे इतिहासाचे साधन होय, ही दृष्टी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दिली. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यासच गेली. 'न्हाणी' हा शब्द संस्कृत स्नानापासून प्राकृताच्या वाटेने आलेला, म्हणजे घरचाच आहे. मुलगी वयात आली की तिला 'न्हाण आले' असे म्हणत; यावरून न्हाणीचा स्त्रीच्या आयुष्याशी असलेला संबंध ध्यानात येतो. उलटपक्षी शौचाच्या जागेची नावे पाहावीत. 'परसाकडे जाणे' आणि 'बहिर्दिशेस जाणे' या दोन्ही प्रयोगांत घराबाहेरची दिशा तेवढी सांगितली आहे. जागेचे नाव नाही. 'पायखाना' फारसीतून आला. 'शेतखाना' हा जुना शब्दही तसाच, मूळचा 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याचे घर. मराठी कानाला त्यात शेत ऐकू आले असल्यास नवल नाही. न्हाणी घरात होती व तिला घरचे नाव होते. शौच घराबाहेर होते व त्याच्या वास्तूचे नाव पुष्कळदा परक्या भाषेतून घ्यावे लागले, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

शास्त्रग्रंथांतही संख्येचा विचार दिसत नाही. विचार आहे तो स्थानाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराच्या वादांचे नियम सांगताना उकिरडा वा शौचाची जागा, सांडपाण्याची वाट आणि विहीर ही घरास योग्य अशाच ठिकाणी असावीत असे म्हटले आहे. बाळंतिणीसाठी केलेल्या खड्ड्यास तेवढा दहा दिवसांचा अपवाद दिला आहे. शेजाऱ्यास उपद्रव होऊ नये हा नियमाचा हेतू. पण ज्या स्त्रीला बाहेर जाणे शक्य नाही तिच्यासाठी नियम शिथिल करावा लागतो, हेही त्यातच आले. ही सवलत पुढे विसरली जाऊ नये.

खानदेशच्या राजकीय इतिहासाकडे वळल्यास या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे थाळनेर हे फारुकी राजवटीचे आरंभीचे ठाणे. १३७० मध्ये मलिक राजास ते मिळाले. त्याच्या पुत्राने पुढे बऱ्हाणपूर वसविले. आज मध्य प्रदेशात मोडणारे हे शहर दीर्घकाळ खानदेशची राजधानी होते. तेथील शाही किल्ल्यातील मोगलकालीन हमामखाना आजही पाहावयास मिळतो, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत भूमिगत नळांनी पाणी आणण्याची जी योजना झाली, तिचे 'खुनी भंडारा' म्हणून ओळखले जाणारे अवशेषही टिकून आहेत. स्नानगृहाचे वैभव पाण्याच्या मागून येते, हा या वास्तूंचा धडा होय. राजवाड्यात पाणी नळाने आले म्हणून हमाम झाला. रयतेच्या घरी ते डोक्यावरून आले म्हणून मोरी झाली.

ही मोरी खानदेशी घराचा अविभाज्य भाग होती. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरात चुलीजवळच्या कोपऱ्यात किंवा अंगणाच्या कडेला दगडी फरशी बसवून, भोवती गुडघाभर कठडा घालून ती केलेली असे. भांडी घासणे, हातपाय धुणे आणि स्नान ही सर्व कामे तेथेच होत. बाजूस तांब्याचा बंब, पुढे घंगाळ, आणि सांडपाणी परसातील केळी-अळूस. पुरुष अंगणात किंवा नदीवर स्नान उरकीत. आडोशाची गरज स्त्रियांस होती. अरुणावती किंवा तापीचे पाणी असो, की आडाचे. ते हंड्यांनी आणण्याचे कष्ट त्यांचेच. ज्यांनी पाणी भरावयाचे त्यांनी दुसरी न्हाणी मागितली नाही, यात आश्चर्य नाही. मागणीचा हा अभाव म्हणजे गरजेचा अभाव, असे मात्र समजू नये.

शौचाची व्यवस्था याहून कठोर होती. खेड्यात गावाबाहेरची गोदरी, आणि स्त्रियांसाठी वेळ ठरलेली : पहाटे उजाडण्यापूर्वी अथवा दिवेलागणीनंतर. मधल्या बारा तासांत देहधर्म आवरून धरणे हा तिच्या दिनक्रमाचा भाग झाला होता. पेठेच्या गावांतील थोड्याबहुत सुखवस्तू घरांत परसदारी पाटीचा संडास असे. उंच चौथऱ्यावर बैठक, खाली पाटी किंवा डबा, आणि मागच्या भिंतीत बोळाकडे उघडणारे लहान दार. त्या बोळास लोक जे जातिवाचक नाव देत ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु नगररचनेच्या अभ्यासकाने तो बोळ नकाशावर अवश्य पाहावा. मैला उचलणाऱ्या माणसाने घरात येऊ नये, दृष्टीसही पडू नये, यासाठी घराची मागची बाजू आणि गल्लीची आखणी ठरविली गेली. १९०१ चा मुंबई इलाख्याचा जिल्हा नगरपालिका कायदा व त्याआधीचे कायदे यांनी नगरपालिकांना शौचकूपांसंबंधी अधिकार दिले. पण व्यवस्थेचे मूळ बदलले नाही. संडास एकच असावा, तोही घरापासून जितका दूर तितका बरा, हा त्या काळचा सिद्धान्त. कारण प्रत्येक बैठक म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरची पाटी होती.

या सिद्धान्ताला महाराष्ट्रात पहिला नैतिक धक्का बसला तो बांधकामाच्या शास्त्रातून नव्हे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली; ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास गांधीजींनी उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या, हाताने मैला उचलावा न लागणाऱ्या संडासाचा प्रसार केला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या जीवनाची पाहणी केली, आणि केंद्रीय पातळीवर मलकानी समितीचा अहवाल १९६० मध्ये आला. कोरड्या संडासांना बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला, व २०१३ च्या कायद्याने मैल्याच्या टाकीत माणसास संरक्षणावाचून उतरविण्यासही मनाई केली. म्हणजे मागण्या उठून कायदा होण्यास साठ वर्षे लागली. घराच्या मागच्या भिंतीतील ते लहान दार बुजविण्यास एवढा काळ जावा लागला, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकास स्वस्थ बसू देणार नाही.

पाटी गेली, नळ आला, आणि संख्येचा प्रश्न प्रथमच मोकळा झाला. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शौचकूप वाढविले की पाणी अधिक लागेल आणि टाकी लवकर भरेल, असे वडीलधारी माणसे म्हणतात. वस्तुतः पाणी माणसांच्या संख्येवर आणि बैठकीच्या प्रकारावर अवलंबून असते, बैठकींच्या संख्येवर नव्हे. सहा माणसांनी दिवसातून दोन वेळा दहा लिटरची टाकी सोडली तर १२० लिटर पाणी जाईल, मग शौचकूप एक असो वा तीन. हाताने दोन लिटर ओतण्याच्या बैठकीत तेच काम २४ लिटरमध्ये होईल. जलजीवन योजनेने ग्रामीण भागासाठी धरलेले माणशी ५५ लिटरचे प्रमाण घेतल्यास सहा जणांस ३३० लिटर मिळतात. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक पाणी केवळ टाकीत घालवावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न होय. शिरपूर परिसरात तर तो विशेषच. भूगर्भातील पाणी खोल गेल्यामुळे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून बंधारे घालण्याचे काम येथे झाले, आणि 'शिरपूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर गेले. इतक्या कष्टाने जमिनीत मुरविलेले पाणी बैठकीच्या निवडीतून वाया जाऊ नये, तसेच शोषखड्डा विहिरीस लागून घेऊन ते दूषितही होऊ नये.

आता नियमांचे काय म्हणणे आहे ते पाहू. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार स्वतंत्र सोय असलेल्या प्रत्येक घरास किमान एक न्हाणी व एक शौचकूप असावा. जेथे स्वतंत्र सोय नाही तेथे दोन बिऱ्हाडांमागे एक. किमान क्षेत्रफळही तिने सांगितले आहे : न्हाणीस १.८ चौरस मीटर, शौचकूपास १.१, आणि दोन्ही एकत्र केल्यास २.८. माणसे किती, याचा संबंध घराच्या या नियमात नाही. ब्रिटनमध्ये १९६१ च्या पार्कर मॉरिस समितीने तो जोडला आणि पाच किंवा अधिक माणसांच्या दुमजली घरास दोन शौचकूप सुचविले. पाश्चात्त्यांकडे ही सोय पूर्वापार होती असेही नाही; १९४० च्या अमेरिकन जनगणनेत जवळजवळ ४५ टक्के घरांत नळ, स्नान व शौच यांची पूर्ण सोय नव्हती. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ५३.१ टक्के कुटुंबांच्या घराच्या आवारात शौचकूप होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ३८ टक्के होते. ज्या पिढीने एकासाठी वाट पाहिली तिला दुसरा चैनीचा वाटावा, हे या आकड्यांवरून समजू शकते.

इतिहासाच्या आधारे या वादात काही सांगावयाचे झाल्यास ते असे. संख्या खोल्यांवरून ठरवू नये. सकाळच्या वेळेवरून ठरवावी. आठ माणसांच्या घरी प्रत्येकास दहा मिनिटे धरली तर एका शौचकूपावर ऐंशी मिनिटे जातात, आणि शाळा, शेत व नोकरी यांची वेळ बहुधा एकच असते. अशा वेळी मागे कोण राहते, हे कोणत्याही घरात पाहावे. चुलीपाशी उभी असलेली सून शेवटची असते. दुसरे असे की, न्हाणी व शौचकूप वेगळे ठेवण्याची आपली जुनी पद्धत सोवळ्याच्या कल्पनेतून आली असली तरी सोयीची आहे. वेगळी जोडी एका वेळी दोघांच्या उपयोगी पडते, एकत्र बांधलेली खोली एकाच्याच. म्हणून चार-पाच माणसांच्या घरास एक न्हाणी व एक शौचकूप, परंतु स्वतंत्र, एवढ्याने भागू शकते. सहा-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबास दुसरा शौचकूप हवाच, आणि तो तळमजल्यावर, वृद्धांच्या निजण्याच्या जागेजवळ असावा. ज्याला थांबता येत नाही त्याची सोय प्रथम, हे कौटिल्याने बाळंतिणीच्या बाबतीत मान्य केलेले तत्त्व येथेही लागू आहे. याहून अधिक संख्या ही ऐपतीची बाब होय. तथापि ती बांधताना रोज धुणार कोण, हे विचारून घ्यावे. पाटी गेली तरी तो प्रश्न गेलेला नाही. तो मागच्या बोळातून घरात आला आहे, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर अद्याप एकाच व्यक्तीवर सोपविले जाते.