दिव्यांग व्यक्तीला सहलीला न्यायचंय? सोबत्याच्या खर्चासह काय मिळतं, काय नाही

आदिलाबाद : घरात दिव्यांग व्यक्ती असली की तिरुपती-बासरचा बेत दरवर्षी ठरतो आणि दरवर्षी मोडतो. अडचण एकट्या तिकिटाची नसते. उचलून बसवायला, आंघोळ-शौचाला मदत करायला, औषधं वेळेवर द्यायला माणूस लागतो. म्हणजे खर्च दोघांचा. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या कुटुंबांसाठी उपयोगी ठरेल अशी ही माहिती.

सरकार सहलीचे पैसे देतं का?

थेट नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजनेतून (२०१३ चा कायदा) मदतनीसाच्या तासांचे पैसे मिळू शकतात; तिथंही हॉटेल, जेवण आणि तिकीट ज्याचं त्यानंच बघायचं असतं. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मनोरंजन आणि सांस्कृतिक जीवनाचा हक्क (कलम २९) आहे. जास्त आधाराची गरज असणाऱ्यांना काळजीवाहू भत्ता देण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. पण सहलीतल्या मदतनीसाचा पगार देणारी योजना त्यातून उभी राहिलेली नाही. मिळतात त्या प्रवासाच्या सवलती. त्या नीट जोडल्या तर खर्च बराच खाली येतो.

केंद्र सरकारी कर्मचारी स्वतः दिव्यांग असेल आणि कुटुंबातलं कोणी मोठं माणूस सोबत नसेल, तर एलटीसीमध्ये मदतनीसाचं भाडंही अटींसह मिळू शकतं. कार्यालयात आधी लेखी मंजुरी घ्यावी.

रेल्वे : सगळ्यात मोठी सवलत

२०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, दिव्यांगांची चालू राहिली. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांग आणि पूर्ण अंध व्यक्ती यांना अशी सूट आहे :

– द्वितीय श्रेणी, स्लीपर, थर्ड एसी, एसी चेअर कार : ७५ टक्के
– फर्स्ट एसी, सेकंड एसी : ५० टक्के
– राजधानी, शताब्दीच्या थर्ड एसी आणि चेअर कारमध्ये : २५ टक्के

ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्णपणे नसलेल्यांना द्वितीय श्रेणी व स्लीपरमध्ये ५० टक्के सूट आहे. या सगळ्या गटांत एका सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते. सोबती नातेवाईकच हवा असं नाही. पगारी मदतनीसही चालतो. पण त्यानं त्याच गाडीतून, सोबतच प्रवास करायला हवा.

इथं बरेचजण फसतात. यूडीआयडी कार्ड वेगळं, रेल्वेचं सवलत ओळखपत्र वेगळं. रेल्वेचं कार्ड काढायला सरकारी डॉक्टरचं रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आदिलाबाद स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं, त्यामुळे घर तेलंगणात असलं तरी काम नांदेड विभागाकडे पडतं. एकदा कार्ड मिळालं की ऑनलाइन तिकीटही काढता येतं. तत्काळमध्ये मात्र सवलत नाही, म्हणून बेत आधीच ठरवावा. स्लीपरमध्ये दिव्यांग कोट्याच्या जागा असतात, त्यांत खालचे बर्थही येतात. तिकीट काढताना तो कोटा आठवणीनं मागावा.

बस : सीमा ओलांडली की नियम बदलतात

तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत राज्यातल्या महिलांना पल्ले वेलुगू आणि एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. म्हणजे सोबत आई, बहीण किंवा बाई मदतनीस असेल तर तिचं तिकीट लागत नाही. राज्याचा पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, झेरॉक्स चालत नाही. दिव्यांगांना आरटीसीचा ५० टक्के सवलतीचा पास मिळतो.

ही मोफत सोय राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं महाराष्ट्रात एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना ७५ टक्के, तर ६५ टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असल्यास साथीदाराला ५० टक्के सूट असते. किनवट-माहूरकडच्या कुटुंबांना हीच सोय कामाची. पलीकडे निघण्याआधी आगारात कार्ड दाखवून खात्री करून घ्यावी.

कुठं जावं?

पहिल्याच वेळी लांब जाऊ नये. कृष्णा एक्सप्रेस आदिलाबादहून बासरला थेट जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. एका मुक्कामाची बासर सहल ही चांगली रंगीत तालीम. हीच गाडी पुढं तिरुपतीला जाते, पण तो जवळपास दिवसभराचा प्रवास आहे. तिरुमलात वृद्ध आणि दिव्यांगांसाठी वेगळा मोफत दर्शन कोटा असतो; त्याचं ऑनलाइन बुकिंग साधारण तीन महिने आधी उघडतं. आधी दर्शनाची तारीख, मग गाडीचं तिकीट, हा क्रम ठेवावा.

कुंटाला धबधबा जवळ आहे, पण खाली उतरायला शेकडो पायऱ्या आहेत. व्हीलचेअर असेल तर तो बेत नको.

मदतनीसाशी आधी बोलून घ्या

– रोज किती पैसे, प्रवासाचा दिवस धरायचा की नाही, जेवण-मुक्काम कोणाकडे, हे कागदावर लिहावं.
– एका माणसाकडून चोवीस तास काम होत नाही. रात्री कोण उठणार ते ठरवावं.
– बाईमाणसाच्या मदतीला बाईच असावी. ज्याला न्यायचं त्यालाही कोण सोबत हवं ते विचारावं.
– औषधं दोन पिशव्यांत वाटावीत, एक मदतनीसाकडे, एक घरच्यांकडे. चिठ्ठीची प्रत दोन्हीत.
– लॉजवर फोन करून थेट विचारावं : खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, दारातून व्हीलचेअर जाते का?
– स्टेशनवर व्हीलचेअर हवी असेल तर १३९ वर चौकशी करावी.

कागदांची पिशवी

यूडीआयडी कार्ड (४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं, देशभर चालतं), रेल्वेचं ओळखपत्र, दोघांचे मूळ आधार, बस पास, डॉक्टरची चिठ्ठी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेचं कार्डही घ्यावं. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे.

सवलती भाड्यापुरत्याच आहेत. मदतनीसाची मजुरी आजही घरच्यांच्याच खिशातून जाते, आणि पैसे नसले की ते काम बहुतेक घरांत आईच करते. म्हणून जमेल तिथं दुसरा माणूस सोबत घ्यावा. सहल तिचीही असते.