राजगड-तोरणा : वसंतातील एक दिवसाची डोंगरयात्रा

सह्याद्रीतील भटकंती म्हणजे पावसाळा, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की फाल्गुन-चैत्रातील डोंगर फारसे कोणी पाहतच नाही. वस्तुतः राजगड व तोरणा या दोन किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेचे खरे रूप याच दिवसांत उघड होते. गवत वाळलेले असते, धुके नसते आणि वाट दूरवर दिसते. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असतात. करवंदीच्या जाळ्यांना सुवास सुटतो. मात्र ही तिन्ही झाडे निष्पर्ण होऊन फुलतात, म्हणजे डोळ्यांना सुख आणि डोक्यावर सावली नाही, हे ध्यानी ठेवावे.

तोरणा हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला, सुमारे १४०० मीटर. तेथे सापडलेल्या धनाचा विनियोग शिवरायांनी राजगडाच्या बांधकामासाठी केला, असे सांगितले जाते. पुढे राजगडाने सुमारे पंचवीस वर्षे राजधानीचा मान भोगला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही.

बहुतेक मंडळी राजगडाहून निघतात. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडायचा आणि धारेवरची चढउतार पार करीत बुधला माची गाठायची, असा हा क्रम. उन्हाच्या दिवसांत मात्र तो उलटा करणे श्रेयस्कर. तोरणा पश्चिमेकडे असल्याने राजगडाहून निघणाऱ्याच्या तोंडावर दुपारचे ऊन येते आणि दमलेल्या पायांनी तोरण्याचा चढ चढावा लागतो. पहाटे अंधारात वेल्ह्याहून निघाल्यास हा चढ गारव्यात संपतो. बुधला माचीखालची लोखंडी शिडी उतरणे चढण्यापेक्षा अवघड, हे खरे. पण ती सकाळी ताज्या पायांनी उतरता येते.

दोन्ही किल्ले धरून हा दहा-बारा तासांचा पल्ला आहे. या दिवसांत धारेवर भरवशाचे पाणी नाही. माणशी चार लिटर पाणी निघतानाच पाठीवर हवे; खिंडीत ताक मिळेल, या आशेवर निघू नये. मीठ-साखर सोबत असावी. वाळल्या गवताखालचा मुरूम पावसाळ्यातील चिखलापेक्षा अधिक घसरवतो, म्हणून जुने, झिजलेल्या तळाचे बूट घरीच ठेवावेत.

खिंडीतला रस्ता हा या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, कारण सुखरूप बाहेर पडण्याची सोय तेथेच आहे. तेथे पोहोचेतो निम्म्याहून अधिक पाणी संपले असेल, किंवा कोणाला गरगरणे, मळमळ, असंबद्ध बोलणे जाणवत असेल, तर रस्त्याने वेल्ह्याकडे परतावे. राजगड पुढच्या वेळीही तेथेच असेल. असंबद्ध बोलणे हे उष्माघाताचे लक्षण. अशा माणसाला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात हलवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळावा. चूल तर पेटवूच नये. या दिवसांत एका ठिणगीने अख्खी डोंगरधार वणव्यात जाते, आणि पायथ्याच्या वाड्यांतील गुरांचा वर्षअखेरीचा चारा त्याच गवतात उभा असतो. गडावर मुक्कामाचा विचार असल्यास पुरातत्त्व खात्याचे नियम आधी पाहून घ्यावेत.