भिंत वर्गात येत नाही

श्रोतेहो, पुस्तक टपालाने मागवता येते; भिंतीवरचे चित्र कसे मागवणार? त्याच्याकडे आपणच जावे लागते. म्हणून १८८८ साली ऑगस्ट श्मारझो हे जर्मन प्राध्यापक मोजके विद्यार्थी घेऊन इटलीत फ्लॉरेन्सला गेले. तिथल्या कार्मिने चर्चमध्ये मझाच्चो आणि मझोलिनो या दोघांनी १४२५च्या सुमारास भिंती रंगवल्या होत्या. कोणता हात कुणाचा, हे प्रत्यक्ष पाहून ठरवायचे, हाच अभ्यास!

त्या मुलांत बावीस वर्षांचा आबी वारबुर्ग होता. हँबुर्गच्या पेढीवाल्याचा हा थोरला मुलगा. पण पेढी धाकट्या भावाकडे सोडून तो या विद्येमागे लागला. बोत्तिचेल्लीच्या चित्रांत केस आणि वस्त्रे अशी वाऱ्यावर का उडतात, हा प्रश्न त्याने धरला. त्याचा माग त्याला त्या काळच्या कवितेत आणि प्राचीन शिल्पांत लागला. १८९३ साली त्याचा प्रबंध छापून निघाला.

अशा अभ्यासकांना फ्लॉरेन्समध्ये हक्काची जागा हवी, हा श्मारझोंचा ध्यास होता. १८९७ साली ती संस्था निघाली. आजही ती चालू आहे. गुरुजी, मुले भिंतीपाशी नेली, की प्रश्न त्यांचे त्यांनाच सुचतात.