तळटीप ४ : ‘बिनदाराचं इमान’

उदगीरच्या आजोबांची ही आठवण अतिशयोक्ती नव्हे. हे विमान डाकोटा. त्याचे मालाचे दुपाखी दार डाव्या कुशीला, शेपटीकडे होते. पाखे बाहेरच्या अंगाला उघडत, म्हणजे उडताना उघडणे अशक्य. म्हणून रसद टाकायची असली की पाखे धावपट्टीवरच काढून ठेवत. मग उघड्या दारातून माणसे गाठोडी ढकलत. तांदूळ बहुधा छत्रीशिवायच, दुहेरी पोत्यात. आतले फाटले तरी बाहेरचे सांभाळी. रेशमी छत्र्या अपुऱ्या पडल्याने ब्रह्मदेश आघाडीवरचा ब्रिटिश सेनापती स्लिम याने कलकत्त्यात तागाच्या करवल्या. दार कसेही असो, नेम चुकेच : मार्च १९४४मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा पलटणीसाठी टाकलेली बरीच रसद जपान्यांच्याच हाती पडली.