चरणजित सिंग यांचे दहा राग

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही चरणजित सिंग यांची तबकडी १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे एचएमव्हीच्या नावाने बाजारात आली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. या धंद्यात नवे वाद्य हाती असले की नवे काम मिळे. केरसी लॉर्ड यांच्यासारखे वादक म्हणूनच परदेशी वाद्यांच्या शोधात असत. सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. हे तिसरे यंत्र बास गिटारला पर्याय म्हणून बनवलेले. गिटारची नक्कल त्याला कधीच साधली नाही, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

‘कुर्बानी’ आणि ‘डिस्को दीवाने’ यांचे डिस्को संगीत नुकतेच गाजले होते, तरी तबकडी पडली. नाचणाऱ्यांना गाणे हवे होते, इथे शब्द जवळपास नव्हतेच. रागदारीच्या श्रोत्याला आलाप हवा. इथे भैरव असो की मालकंस, ठोका जराही ढळत नाही.

टीबी-३०३च्या चिरक्या आवाजाची गोडी लावली ती शिकागोने. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या ३०३च्या खुंट्या पिळत ‘फ्युचर’ या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केले. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचे संगीत रुजले. एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा हे एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचे खोडसाळ काम तर नव्हे, अशीही शंका घेतली गेली. अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मले, हा दावा मात्र ताणलेला आहे. शिकागोच्या मंडळींनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही.

कुरुळी-चाकणकडच्या वरातीत डीजेचा घुमणारा ठोका ऐकलेल्याला ८०८ परका वाटणार नाही; त्या जातीचा ठोका आता नाचाच्या संगीतात सर्रास असतो. अडते ते ३०३पाशी. पण या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. तिला मींडेची जवळची नातलग मानले, की वळवळणाऱ्या आवाजामागून राग दिसू लागतो. गाणे कधी सुरू होणार, याची वाट पाहणे तेवढे सोडावे लागते.

तबकडी पुन्हा निघाल्यावर मागणी वाढली तसे सत्तरी गाठलेले सिंग युरोपात जाऊन हे राग मंचावर वाजवू लागले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.